चोरीला जाणारी वेल

मनीप्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरून आणला तरच लागतो आणि घरात पैसा आणतो, ही समजूत आमच्या भागात फार पक्की आहे. त्यामुळे माझ्या सेवा केंद्रात येणारी माणसं वेलीकडे बघण्याआधी माझ्याकडे बघून घेतात. मी स्क्रीनवर मान घालून असले की हात वर जातो. आमच्या दवनीवाड्यात पोलीस ठाणं आहे, पण या चोरीची तक्रार तिथे नेण्याचा विचार कोणी केलेला नाही, मी तर नाहीच.

दाखले, सातबारा, आधारशी जोडलेली कामं, विद्यार्थ्यांचे अर्ज, पासपोर्ट साईज फोटो, झेरॉक्स असं सगळं एका गाळ्यात चालतं. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. वैनगंगेचा पट्टा, पलीकडे मध्य प्रदेश, त्यामुळे काउंटरवर मराठी, हिंदी, पोवारी सगळं ऐकू येतं. गोंदियाच्या एका रोपवाटिकेतून मी ही वेल आणली ती गाळ्याला जरा जीव यावा म्हणून. पानं पांढरी-हिरवी, शिंतोडे उडाल्यासारखी. रोपवाटिकावाले तिला मार्बल क्वीन म्हणतात, माझ्याकडे येणाऱ्या बाया ‘डिझाइनवाला मनीप्लांट’ म्हणतात. कुंडी दाराशेजारच्या हुकाला टांगलेली आहे आणि वेल खाली लोंबते, नेमकी रांगेत उभ्या माणसाच्या खांद्याशी.

फोटो काढायचा पांढरा पडदाही त्याच भिंतीला आहे. एकदा वेल वाढली की शेंडे पडद्यावर येतात आणि अर्जाच्या फोटोत माणसाच्या कानाजवळ एक पान उगवतं. असा फोटो ऑनलाइन अर्जात चालत नाही. म्हणून त्या बाजूची वेल छाटावीच लागते, आणि फोटो कापायची कात्री हाताशीच असते. झाडाची बहुतेक निगा मी याच कात्रीने करते.

चोरी केव्हा होते हे आता मला सांगता येतं. थांबावं लागलं की होते. सर्व्हर बंद पडला, ओटीपी आला नाही, यंत्रावर बोट उमटलं नाही, की हात वेलीकडे वळतात. बोटं न उमटण्याचा प्रकार आमच्याकडे नेहमीचा. धानाच्या बांधीत आयुष्य गेलेल्यांची, वर्षानुवर्षं विड्या वळणाऱ्या बायांची बोटं इतकी गुळगुळीत होतात की यंत्राला रेघा दिसत नाहीत. मी ओल्या फडक्याने बोट पुसायला सांगते, दुसरं बोट लावायला सांगते, थोडा वेळ थांबून पुन्हा करू म्हणते. त्या थोड्या वेळात एखादी मावशी पान कुरवाळत उभी राहते, आणि ती गेल्यावर शेंडा गेलेला असतो.

माझ्या कामाचं एक वर्ष असतं आणि वेलीचं एक. जून-जुलैत शाळा-कॉलेजांचे प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, सगळं एकदम अंगावर येतं. गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते. वेलीच्याही वाढीचे तेच दिवस: हवेत ओल, उकाडा, भरपूर उजेड. तेव्हा शेंडे गेले तर तिचं बिघडत नाही, उलट बरं होतं. शेंडा तुटला की खालच्या गाठींमधले झोपलेले डोळे फुटतात आणि एका दोरीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. लांबच लांब, मध्ये बोडकी आणि टोकाला चार पानं, अशी मनीप्लांटची जी अवस्था घरोघरी दिसते ती कोणी न छाटल्यामुळे. माझी वेल दाट आहे याचं श्रेय चोरांना द्यावं लागेल.

दुसरी गर्दी दिवाळीच्या आगेमागे, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठीच्या नोंदणीची. सातबारा, बँकेचं पासबुक, आधार घेऊन शेतकरी येतात आणि एकेका नावासाठी ताटकळतात. त्या दिवसांत वेल सगळ्यात जास्त लुटली जाते, आणि नेमकी तेव्हाच तिची वाढ मंदावू लागलेली असते. गोंदियाची थंडी विदर्भात नावाजलेली आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि मनीप्लांट ही उष्ण, दमट बेटावरची वेल. ती नुसती तग धरून बसते. नोव्हेंबरात तोडलेला शेंडा होळीपर्यंत भरून येत नाही. म्हणून धान नोंदणी सुरू झाली की मी कुंडी एक हूक वर चढवते. जूनमध्ये खाली उतरवते.

चोरून नेणाऱ्यांपैकी काहींचं एक चुकतं. ते पान तोडतात. सुंदर, अर्धं पांढरं अर्धं हिरवं पान देठापासून खुडून पदरात किंवा वहीत घालून नेतात आणि घरी पाण्यात ठेवतात. नुसत्या पानाला पाण्यात कधीकधी मुळं सुटतातही, पण त्यातून वेल निघत नाही. वेल निघते गाठीतून. खोडावर जिथे पान जोडलेलं असतं तिथे एक गाठ असते, गाठीवर तपकिरी बोंडासारखं हवेतलं मूळ असतं आणि पानाच्या काखेत डोळा. निदान एक गाठ पाण्याखाली गेली पाहिजे. नवा फुटवा त्या डोळ्यातूनच येतो. हे सांगायचं कसं, हा प्रश्न होता, कारण सांगितलं म्हणजे दिलं, आणि दिलेला तर लागत नाही. शेवटी मी सर्वसाधारण ज्ञान म्हणून बोलू लागले. वेलीकडे न बघता, प्रिंटरमध्ये कागद भरता भरता, कोणालाच उद्देशून नाही असं: ‘मनीप्लांट लावायचा असला तं गाठीच्या खाली कापावा लागते, पान खुडून काही होत नाही.’ आणि कात्री काउंटरच्या त्यांच्या बाजूला ठेवून मागे वळते. आता काप स्वच्छ असतात.

यानंतर तक्रारी सुरू झाल्या. एक काकाजी सातबाऱ्यासाठी आले आणि जाता जाता म्हणाले, ‘ताई, तुमच्या इथं तं पांढरा पांढरा दिसते. आमच्या घरी हिरवाच होऊन रायला ना जी.’ घरी कसा आला हे मी विचारलं नाही. कुठे ठेवलाय, एवढं विचारलं. देवघराच्या बाजूला, आतल्या खोलीत, खिडकी नाही. हीच गोष्ट वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ लागली. टीव्हीच्या वर, फ्रीजवर, संडासाच्या खिडकीत.

पानाचा पांढरा भाग कमावत नाही. तिथल्या पेशींमध्ये हरितद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे उजेड पडला तरी अन्न तयार होत नाही. हिरवा भाग स्वतःपुरतं आणि पांढऱ्यापुरतं दोन्ही करतो. भरपूर उजेड असला की हे निभतं. अंधाऱ्या खोलीत निभत नाही, मग नवी येणारी पानं जास्त जास्त हिरवी होत जातात. आलेलं पान रंग बदलत नाही, पुढचं पान बदलून येतं. त्यातून एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला की तो चितकबऱ्या फुटव्यापेक्षा भराभर वाढतो, कारण त्याची कमाई पूर्ण असते, आणि वर्षभरात सगळी कुंडी त्याचीच होते. त्याला आवरायचं असेल तर शेवटच्या चितकबऱ्या पानापर्यंत मागे येऊन कापायचं, आणि कुंडी उजेडात आणायची. दुसरा इलाज नाही. खत घालून पांढरा रंग येत नाही, दूध घालूनही येत नाही. हा दुसरा उपाय मला एका बाईंनी स्वतः करून पाहिल्यावर सांगितला.

उजेड म्हणजे ऊन नव्हे, हेही बोलावं लागतं. माझ्या गाळ्याचं शटर पूर्वेला आहे. उन्हाळ्यात सकाळचं ऊन उंबऱ्यापाशी थांबतं, म्हणून वेल दारालगत चालते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि ऊन तिरपं होऊन पार काउंटरपर्यंत येतं. कोवळं असतं तोवर ठीक, पण दहानंतरचं ऊन पांढऱ्या भागावर पडलं की तिथे तपकिरी, कागदासारखे डाग पडतात. हिरव्या भागाला तेवढा त्रास होत नाही. वाचायला बसलो तर पुस्तक ज्या जागी दिव्याशिवाय नीट दिसतं, ती जागा या वेलीला मानवते. हा हिशोब मी सगळ्यांना सांगते, कारण तो लगेच समजतो.

पूर्ण पांढऱ्या फुटव्याची गोष्ट वेगळी. खोड नीट पाहिलं तर त्यावरही पांढरे-हिरवे पट्टे असतात. माझ्या पाहण्यात असं आलंय की डोळा पांढऱ्या पट्ट्यावर असला तर फुटवा पांढराफटक निघतो, हिरव्या पट्ट्यावर असला तर हिरवा. पांढरा फुटवा दिसायला इतका देखणा असतो की चोराचा हात आधी तिथेच जातो. वेलीला जोडलेला असेपर्यंत तो मूळ वेलीच्या जिवावर जगतो. वेगळा काढला की बाटलीत काही दिवस टवटवीत राहतो आणि मग संपतो, कारण खायला घालणारं कोणी राहिलेलं नसतं. एका मुलीने बारावीचा अर्ज भरताना असाच एक नेला होता. पुढच्या फेरीत तिने तोंड पाडून सांगितलं की मेला. मी तिच्यासमोर अर्धं हिरवं पान असलेला तुकडा कात्रीने अर्धवट कापून तसाच लोंबता सोडला. पुढचं तिचं तिने पाहिलं.

मनीप्लांट चोरणं अमेरिकेत मात्र खरोखर कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. तिथे 1930 पासून वनस्पतींच्या नव्या जातींना पेटंट मिळतं आणि अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं त्या जातीची फांदी लावून परवानगीशिवाय रोपं वाढवता येत नाहीत. मनीप्लांटच्या अशा दोन चितकबऱ्या जाती जगभर विकल्या जातात, ‘एन्जॉय’ आणि ‘मंजुळा’. दोन्ही भारतात सापडलेल्या, आणि दोन्हींच्या अमेरिकन पेटंटवर शोधक म्हणून मुंबईच्या आशीष अरविंद हंसोटी यांचं नाव आहे. रोपवाटिकेतल्या नेहमीच्या झाडांत एखादं वेगळ्या रंगाचं निघतं, बहुतेकांच्या नजरेतून ते सुटतं. यांच्या नजरेतून सुटलं नाही. हे वाचल्यापासून मी माझ्या कुंडीतला प्रत्येक विचित्र फुटवा जरा निरखून बघते. अजून तरी पेटंट घेण्यासारखं काही निघालेलं नाही.

ही वेल बियांपासून लावलेली कोणी पाहिली नसेल, कारण ती फुलतच नाही. जिब्रेलिन नावाचं संप्रेरक तिच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, हे 2016 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, आणि ते बाहेरून फवारल्यावर फुलंही आणून दाखवली. आपोआप फुलल्याची शेवटची नोंद 1964 ची आहे. मूळची ती प्रशांत महासागरातल्या मोओरेआ या लहानशा बेटावरची. तिथून जगभर गेली ती सगळी फांद्या कापून कापूनच. म्हणजे माझ्या गाळ्यातून काकाजींच्या देवघरात जे गेलं, तेच दीडशे वर्षांपासून खंडोखंडी चाललंय.

फुलं नसल्याचा आणखी एक परिणाम माझ्या धंद्याला ओळखीचा वाटतो. वनस्पतीचं कुळ-गोत्र मुख्यतः फुलावरून ठरतं. 1880 मध्ये हिचं पहिलं शास्त्रीय नाव पडलं ते पोथॉस ऑरियस. मग तिला सिंडॅप्सस केलं, मग ऱ्हॅफिडोफोरा, आणि 1964 मध्ये ती एपिप्रेम्नम ऑरियम झाली. बाजारात अजून पोथॉसच चालतं. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, पासबुकात तिसरं घेऊन येणारी माणसं मी रोज बघते. त्यांना प्रतिज्ञापत्र करावं लागतं, राजपत्रात छापून आणावं लागतं. या वेलीचं त्याशिवाय निभलं.

माती आणि पाण्याबद्दल थोडं. आमच्याकडची कन्हार माती धानाला चांगली, कारण पाणी धरून ठेवते. टांगत्या कुंडीत तीच घातली की मुळं कुजतात. मी कन्हार घेतच नाही. नदीकडची रेताड माती, कुजलेलं शेणखत आणि जळलेली तुसं अशी मिसळ करते. गोंदिया जिल्ह्यात राईस मिलना तोटा नाही, आणि उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये भट्टीत तुसंच जाळतात. त्यांचा काळा, हलका राखाडा मागितला तर पोतंभर मिळतो. तो थोडाच घालायचा, मातीत हवा राहते. पाणी ठरलेल्या वारी घालत नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसते, कोरडं लागलं तर घालते. पावसाळ्यात कितीतरी दिवस घालावं लागत नाही आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, रोज बघावं लागतं. उन्हाळ्यात कूलर सुरू असतो. त्याची ओली हवा वेलीला मानवते, पण थेट झोत नाही. झोतात पानांच्या कडा करपतात.

आधी मी वेल बाटलीतच ठेवायची, पाण्यात. हिरवी काच, म्हणजे उजेड कमी आत जाऊन शेवाळ लवकर धरत नाही. मग एका पावसाळ्यात आमच्या आशाताई घरोघर फिरत गाळ्यात आल्या, बाटली उजेडाकडे धरली आणि मला आत वळवळणारे जीव दाखवले. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं, आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. कूलरची टाकी, माठ, टाक्या सगळ्यांना आठवतात; मनीप्लांटची बाटली घरातली शोभा असल्यामुळे कोणी तिच्याकडे पाणवठा म्हणून बघत नाही. आशाताईंनी गावात अशा बऱ्याच बाटल्या ओतल्या असणार, आणि त्यातल्या काहींमधली वेल माझीच असणार. तेव्हापासून मोठी वेल मातीत आणि बाटली फक्त मुळं सुटेपर्यंत. ठरलेल्या वारी पाणी पूर्ण ओतायचं, काच आतून घासायची, कारण अंडी काचेला चिकटून राहतात.

रस्त्यावरून धानाचे ट्रॅक्टर जाऊ लागले की पानांवर धुळीचा थर बसतो. पांढऱ्या पानावर तो लगेच दिसतो, हिरव्यावर दिसत नाही, पण उजेड दोघांचाही अडतो. ओल्या फडक्याने पान खालून हाताचा आधार देऊन पुसायचं. बोट पुसायचं फडकं आणि हे फडकं वेगळं ठेवलंय.

ते वेगळं ठेवण्याला कारण आहे. मनीप्लांट हा कोचईचा, म्हणजे अळूचा, आणि सुरणाचा भाऊबंद, एकाच कुळातला. कोचई कच्ची तोंडात गेली तर जीभ आणि घसा कसा खाजतो हे इकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही; म्हणून तर तिला चिंचेचं नाहीतर ताकाचं आंबट लावून शिजवतात. मनीप्लांटच्या पानांतही तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे खडे असतात, आणि तो शिजवूनही खायचा नसतो. कापलेल्या देठाचा चीक डोळ्याला लागला तर चुरचुरतो. कडेवर लेकरू असलेली बाई रांगेत असली की मी ‘कोचईचा भाऊ आहे तो, पोराच्या तोंडात जाऊ देऊ नका’ एवढंच म्हणते. विषारी आहे म्हटलं असतं तर बायांनी वेलीकडे बघणं सोडलं असतं. कोचई म्हटलं की हात मागे येतो, वेलीवरचा लोभ शाबूत राहतो.

हवा शुद्ध करण्याबद्दलही विचारतात, मोबाईलवर आलेलं दाखवतात. अमेरिकेच्या नासाने 1989 मध्ये बंद पेट्यांत झाडं ठेवून प्रयोग केले होते हे खरं आहे. गाळा ही बंद पेटी नव्हे. 2019 मध्ये अशा प्रयोगांची फेरतपासणी झाली तेव्हा दिसलं की उघड्या दारा-खिडक्यांनी जेवढी हवा बदलते तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. माझं शटर दिवसभर उघडं असतं. हवेचं काम ते करतं.

पैशाचं विचाराल तर दाखल्यांचा दर ठरलेला आहे आणि वेल येण्याआधीही तोच होता.

गेल्या पावसाळ्यात मी एक सोय करून पाहिली. छाटलेले चांगले तुकडे, गाठीचे, अर्ध्या हिरव्या पानांचे, मुळं सुटलेले, एका बाटलीत घालून काउंटरच्या कडेला ठेवले. ज्याला हवं त्याने घ्यावं, टांगलेल्या वेलीला हात लावू नये, एवढाच हेतू. कोणी शिवलं नाही. एका मामींना मी घ्या म्हटलं तर त्या म्हणाल्या, ‘असा नाही लागत जी तो,’ आणि माझ्या डोळ्यांदेखत नजर वरच्या कुंडीकडे गेली. मग ती बाटली मी प्रिंटरच्या मागे सरकवली, अर्धी दिसेल आणि हात घालायला थोडं वाकावं लागेल अशी. आता कोरड्या दिवशी पाणी बदलताना पाहते तर ती रिकामी असते, आणि नवे तुकडे कापून भरावी लागते.